असईची दुसरी हार

असईची लढाई दुसऱ्यांदा हरण्याचा मान आमच्या घराण्याकडे जातो, आणि तो मी मिळवून दिला. तसं चुकलं अगदी थोडंसंच. फक्त डावं आणि उजवं.

आमचा एक पूर्वज असईला इंग्रजांच्या तोफेपुढं पडला, असं घरात सांगत आलेत. ओढ्याजवळ, लिंबाखाली, त्याच्या नावाचा उभा दगड आहे म्हणे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या दगडावर एकदा डोकं टेकायचं होतं. डॉक्टरांनी यापुढं प्रवास बंद सांगितला होता. (त्याचा अर्थ अण्णांना कळला होता. आम्ही तो कळून घेत नव्हतो.) म्हणजे जायचं ते आत्ताच.

मग मी रणभूमीची सहल आखली. गाईड कशाला? चार पुस्तकं वाचून सगळी माहिती भारदस्त आवाजात फोनवर रेकॉर्ड केली. (मधे कुकरच्या शिट्ट्या आल्यात. अण्णांना त्या तोफा वाटल्या.) जाफराबादला साडूकडे चहा घेऊन तिकडून असईत शिरायचं, या हिशेबानं सगळं 'डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा' बसवलं. साडू ऐन वेळी गावाला गेला. (तो नेहमी ऐन वेळीच जातो!) म्हणून बदनापूरहून निघालो ते सरळ भोकरदनवरून, म्हणजे नेमके उलट्या बाजूनं आलो.

दिवस असा ढगाळ, की सकाळीच दिवे लावावेत. "डावीकडे पाहा! शत्रूच्या तोफा!" फोनमधला मी गरजलो. डावीकडे बंद पडलेली रसवंती. "उजवीकडे पाहा! आपलं घोडदळ!" उजवीकडे पावसानं काळं पडलेलं सोयाबीन.

"घोडे दिसून न्हाई राह्यले," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले.

"मेले असतील, अण्णा," बायको म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "अहो, आपण उलटे तर नाही ना आलो?"

"इतका अभ्यास केलाय मी!"

"म्हणूनच विचारलं."

ओढा ओलांडला. "डावीकडे पाहा! लिंबाखाली उभा दगड!" आणि काय सांगू, डावीकडे खरंच लिंब! खाली बांधावर उभा दगड! मी बायकोकडे असं पाहिलं, की जणू लढाई मीच जिंकली.

अण्णांना दोघांनी धरून चिखलातून नेलं. शेंदूर तेलात कालवून दगडाला भरपूर फासला. नारळ फोडला, पुरणपोळी ठेवली. अण्णांनी दगडावर कपाळ टेकलं. "उशीर झाला, पण आलो बरं का," म्हणाले आणि रडायलाच लागले. मलाही राहवेना.

"ओ पाव्हणं! काय करून राह्यले हे?"

मागं एक शेतकरी उभा. खांद्यावर पहार.

"पूर्वजांचं दर्शन घेतोय," मी डोळे पुसत म्हणालो.

"कोणाचे पूर्वज? ही आमच्या बांधाची खूण हाय! माझ्या धाकट्या भावानं रातोरात माझ्या वावरात सरकवली. लई वर्षं भांडलो, तव्हा कुठं मोजणी होऊन निकाल लागला. आज उपटून जागेवर लावायला आल्तो मी!"

तेवढ्यात भाऊ पोचलाच. शेंदूर पाहिला, आणि गड्यानं लगेच चपला काढून दगडाला लोटांगण घातलं!

"आता उपट की! देव हाय त्यो. हात लावून दाखव!"

"मी सांगतो ना गावात," मी पुढं झालो, "चुकून लागला शेंदूर."

"चुकून लागला तरी शेंदूरच असतो, पाव्हणं," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं पहार दोन्ही हातांत घेतली. मी डोळे मिटले. (पहार दगडासाठी आहे की माझ्यासाठी, ते अजून ठरायचं होतं.) उघडले तर अण्णांनी त्याचा हात धरलेला. अण्णांना ऐकू कमीच येतं.

"तुम्हीच बघता न्हाई का ह्यांच्याकडं?" अण्णा दगड दाखवत विचारत होते. "लई उपकार झाले बाबा. आता मी सुखानं जातो."

थोरला दगडाकडं बघत राहिला. मग अण्णांकडं. मग पहार चिखलात ठेवली.

"बघतो की, आबा," तो म्हणाला. "रोज दिवा लावतो."

अण्णांना गाडीत बसवल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "तुमचा दगड वढ्याच्या पल्याड व्हता. दुसऱ्या लिंबाखाली. सडक रुंद झाली, तव्हा मुरमाखाली गेला. म्हाताऱ्याला सांगू नका."

"आणि तुमचं वावर?"

तो पहार उचलून चालायला लागला.

परतताना अण्णा मागं झोपले. कपाळावर शेंदूर, चेहरा असा निवांत, की बायकोनं दोनदा वळून त्यांचा श्वास चालू आहे ना, ते पाहिलं. तेवढ्यात गाडीला जोडलेला माझा फोन आपोआप सुरू झाला.

"उजवीकडे पाहा! याच ठिकाणी आपली दाणादाण उडाली!"

डावीकडच्या सीटवरून बायकोनं उजवीकडे पाहिलं. उजवीकडे, स्टेअरिंगमागं, मी होतो. ती बराच वेळ पाहत राहिली.

"एवढं मात्र बराबर रेकॉर्ड केलंत हो," ती म्हणाली.