जागच्या जागी मानवत

आमच्या साडूंइतका सायकलप्रवास परभणी जिल्ह्यात कुणी केला नसेल, आणि तोही सगळा स्वतःच्या तळ्यात. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. बंदच्या दिवशी एस.टी. हलायची नाही, पण वालूरच्या शेतात साडूंची सायकल रोज पहाटे चालायची. तळ्यात रोहू सोडलेले. काठाशी मचाण, त्यावर पुढचं चाक काढलेली सायकल, आणि मागच्या चाकाला तेलाच्या डब्याचे पत्रे. पायडल मारलं की पत्रे पाणी घुसळत, पाण्यात हवा मिसळे आणि वर येऊन तोंडं वासणारे मासे पुन्हा खाली जात. वाटसरू विचारी, "मालक, कुठवर आलात?"

"मानवत गाव दिसायलंय. बाजारातून काय आणू का?"

मासा विकायचा म्हटलं की यांचा जीव जाई. गिऱ्हाइकाला सांगत, "ह्यो न्हाई. ह्यो लय हुशार हाय."

एका उन्हाळ्यात पाणी फार तापलं, म्हणून साडू भर दुपारीही सायकलवर बसू लागले. पाणी गार झालं खरं, पण काठचा चिखल उघडा पडत चालला. साडूंनी उन्हात दोन घमेली पाण्यानं भरून ठेवली आणि त्यातलं एक हलवत मला दुपारभर बसवलं. संध्याकाळी दुसऱ्यापेक्षा माझं घमेलं गार, पण बरंच रितं.

ते मला म्हणाले, "माठ पाझरतो म्हणून गार ऱ्हातो, साडू. गारवा पाणी खाऊनच येतो."

दुपारची फेरी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. तरी ऊन थांबेना. शेजारची मेंढरं त्याच तळ्यावर पीत. मेंढरंवाला काठावर येऊन आटत्या पाण्याकडं बघत उभा राहिला. पायडल मारावं तर उरलेलं पाणी उडणार, न मारावं तर मासे मरणार.

"आण तुजी मेंढरं," साडू म्हणाले, आणि जाळं घेऊन स्वतःच पाण्यात उतरले. सगळे हुशार मासे त्यांनी गावात फुकट वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही. त्या पाण्यावर मेंढरं पावसापर्यंत तगली.

गाव मात्र अजून म्हणतं, यानं सायकल मारून तळं आटवलं. हसणाऱ्यांत मीही होतो, रश्श्याचं बोट चाटत. आता साडू नाहीत, म्हणून खरं ते लिहून ठेवतो: सायकलीनं थोडं नेलं, बाकीचं उन्हानं.

मासे वाटल्याच्या दुसऱ्या पहाटे ते सवयीनं मचाणावर बसले होते. पाणी खाली गेलेलं, पत्रे नुसते हवेत फिरत होते. मी थट्टेनं विचारलं, "कुठवर आलात?"

त्यांनी पाय थांबवले. "उतरलो, साडू."