बदकं सरकत नाहीत

शिंप्याला आपल्या मेहुणीबद्दल खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नव्हतं. बायकोची धाकटी बहीण, बालवाडीत शिकवते, दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, उन्हात गेली की डोकं दुखतं. त्याची माहिती एवढ्यावर आटपायची. तिचा नवरा कुठे गेला हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

ती दुकानात यायची ती बटणांसाठी. जोड फुटलेली, कड उडालेली, कुठल्याच शर्टाला न लागणारी बटणं तो डब्यात टाकून ठेवायचा.

"या मास्तरीणबाई," तो म्हणायचा. ही अहोजाहोची थट्टा त्याच्या लग्नातली. पुढे थट्टा विरून गेली आणि अहोजाहो तेवढं उरलं.

"भाऊजी, चार भोकांची नकोत. पोरं भोकंच मोजत बसतात."

वर्गात तिची एक रीत होती. लहान पोरं एक-दोन-तीन गाण्यासारखं म्हणतात. तोंड पुढे धावतं, बोट मागे राहतं. एकच बटण दोनदा मोजलं जातं, एखादं सुटतं. म्हणून तिने नियम घालून दिला होता: बटण उचलायचं, पलीकडच्या ताटलीत ठेवायचं, मगच आकडा म्हणायचा. हललं नाही ते मोजलं नाही. चमचे वाटायचे तेही असेच, एका पोरापुढे एक. तिची पोरं विसाच्या पुढे आकडे म्हणत नसत, पण "सात आण" म्हटलं की सातच आणत.

आईबापांच्या मात्र हे पचनी पडत नव्हतं. शेजारच्या वर्गातली पोरं शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची. "पाहुणे आले की आमच्या पोराने काय करून दाखवायचं? बटणं सरकवायची?" असं एकीने फाटकात उभं राहून ऐकवलं. शेवटी मोठ्या बाईंनी मेहुणीला बोलावून सांगितलं, की बाहेरून तपासणीला बाई येणार आहेत, त्यांचं मत चांगलं पडलं तर ठीक, नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ आणि तुम्ही ऑफिसात बसा.

हे तिने दुकानात सांगितलं ते नळाला पाणी नाही म्हणावं तसं.

"मग हो?" शिंप्याने विचारलं.

"मग काय. मोठी बटणं आहेत का, कोटाची?"

तपासणीच्या दिवशी शिंपी त्याच वर्गात होता. शाळेचे पडदे त्याने शिवले होते आणि स्टुलावर चढून तो कड्या अडकवत होता. खाली बुटकी टेबलं, भिंतीला ओळीने टांगलेली दप्तरं, खळीचा वास. तपासणीच्या बाई चांगल्या होत्या, हेही सांगायला हवं. त्या पोरांच्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसल्या आणि हसून म्हणाल्या, "सगळ्यात हुशार कोण तुमच्यात?"

पोरांनी एका मुलीला पुढे ढकललं. तिला वर्गात सगळे मुकादम म्हणत, कारण दुसऱ्याचं मोजणं चुकलं की ती ताटली उलटी करून पुन्हा मोजायला लावायची.

बाईंनी तिच्यापुढे एक जाड कार्ड ठेवलं. त्यावर पिवळी बदकं छापली होती. "किती बदकं आहेत, सांग बरं?"

मुकादमने पहिल्या बदकावर बोट ठेवून ते सरकवलं. कार्डच सरकलं. तिने डाव्या हाताने कार्ड दाबून धरलं आणि पुन्हा सरकवलं. मग नखाने खरवडून पाहिलं.

"मोज ना बाळा. किती झाली?"

"अजून एकही नाही."

"एकही नाही? मग ही काय आहेत?"

"बदकं," मुकादम म्हणाली, आणि दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या मुलाला बोलावलं. त्याने थोडा विचार केला, अख्खं कार्ड उचललं, टेबलाच्या पलीकडच्या कडेला नेऊन ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "एक!"

सगळी पोरं खूश झाली. तपासणीच्या बाईंनी मेहुणीकडे पाहिलं. वाडगाभर बटणं तिच्या हाताशी होती. प्रत्येक बदकावर एक बटण ठेवा, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. स्टुलावरच्या शिंप्यालासुद्धा ते सुचलं, पण त्याच्या तोंडात टाचण्या होत्या आणि बोलण्याची त्याची हिंमतही नव्हती. मेहुणी त्या मुलाला "बस" म्हणाली, तेवढंच.

घरी परतताना दोघं बरोबर चालत होते.

"अहो, सांगायचं नाही का काहीतरी?"

"चित्र मी त्यांच्यापुढे कधी ठेवलंच नाही, भाऊजी. राहून गेलं."

"पण बटणं तिथेच होती की."

"होती," ती म्हणाली. पुढे भाजीवाल्यापाशी थांबून तिने काकड्या घेतल्या.

वर्ग गेला. ती ऑफिसात बसून फोन घेऊ लागली, खडू वाटू लागली. "रडली का गं ती?" त्याने बायकोला विचारलं, तर बायको म्हणाली, "माझ्यापुढे कधी रडली आहे? आईच्या वेळीही नाही." मेहुणीलाच विचारावं असं त्याच्या मनात यायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी पँट आखूड करायला घेऊन यायचं.

मग एका सकाळी ती ऑफिसात गेली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. शिंपी सगळ्यांबरोबर गेला, सगळ्यांबरोबर परत आला, दुकान उघडून त्याने इस्त्री तापत ठेवली. काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढंच कळत होतं.

आदल्या सकाळी ती दुकानावरून गेली होती. पूर्वी ती जायची तेव्हा दुकान उघडलेलंही नसायचं.

"आज उशीर, मास्तरीणबाई?"

"ऑफिस उशिरा उघडतं, भाऊजी."

"मग टेका की जरा. आता कुठे पोरं खोळंबली आहेत?"

"नको. बसलं की उठवत नाही."

"बरं. संध्याकाळी या मग. तुमची ताई विचारत होती."

"बघते," ती म्हणाली.