बाटली लावून द्या
शेजारणीनं सलाईनची जुनी बाटली पाण्यानं भरून मिरचीच्या कुंडीवर टांगली आहे. ते थेंब पाहिले की बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीजवळचा एक लहानसा दवाखाना आठवतो. वडिलांना अशक्तपणा आला होता, पाय सुजले होते. “डॉक्टरसाहेब, बाटली लावून द्या, ताकद येईन,” आत्या म्हणाली, आणि डॉक्टरांनी छाती न तपासताच लावली. अर्धी बाटली उतरली तसे वडील खोकत उठून बसले, ओठ निळे पडलेले. “मले बुडाल्यासारखं वाटून राह्यलं,” ते म्हणाले. “थोडीच राह्यली, होऊन जाऊ दे,” आत्यानं समजावलं. थेंब थांबत नव्हते. बालाघाटला नेल्यावर कळलं, हृदय कमजोर होतं, पाणी फुफ्फुसांत भरलं होतं. वडील वाचले, पण पुढं कधी आडवे होऊन झोपले नाहीत. आज सकाळी शेजारणीची कुंडी काठोकाठ भरलेली दिसली, आणि मी धावत जाऊन नळी बंद केली.