लाइन उत्तरेला गेली तेव्हा

आयटीआय झाल्याबरोबर मला घराजवळ नोकरी लागली, याचं बांद्यात अनेकांना नवल वाटलं. आमच्याकडची मुलं मुंबईला जात, नाहीतर सीमा ओलांडून गोव्याला. पण मागास भागात कारखाना काढला तर काही वर्षं करात सवलत, असं सरकारचं धोरण होतं. त्यामुळे एक परदेशी कंपनी आमच्या औद्योगिक वसाहतीत आली. मोटारींना लागणाऱ्या वायरींचे जुडगे आम्ही बांधायचो. बहुतेक सगळ्या बायकाच.

सवलतीची मुदत संपत आली, तेव्हा मी लाइनची सुपरवायझर होते. साहेबांनी बोलावून सांगितलं, उत्तरेकडच्या एका डोंगराळ राज्यात नवा कारखाना होतोय, तिथल्या मुलींना दोन महिने शिकवायला जा. तिथल्या सरकारनं नुकतीच सवलत जाहीर केली होती. "इथलं काम चालूच राहील," असंही ते म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही, पण मी काही विचारलंही नाही.

मला हे काम जिनं शिकवलं, ती वयस्क बाई माझ्याच लाइनवर होती. ती म्हणाली, "तू शिकवूक गेलंस काय आमचा काम जातला. कळता मा तुका?"

"मी नाय गेलंय तर दुसऱ्या कोणाक धाडतले," मी म्हटलं.

ती परत कामाला लागली. मी गेले.

तिथल्या मुली भराभर शिकल्या. निघायच्या दिवशी एकीनं विचारलं, "दीदी, आमच्याकडे ही सवलत किती वर्षं?" मी ऐकलेलं सांगितलं. ती बोटांवर मोजून म्हणाली, "तोवर माझी मुलगी दहावी होईल." तिचा चेहरा खुलला होता. मला तिच्याकडे बघवेना.

मी परतले आणि महिन्याभरात आमची यंत्रं ट्रकवर चढली. ती बाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी घरी आली. गोव्यातल्या औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली होती. "थंय एक जागा आसा. येतंस?" एवढंच म्हणाली. मागचं तिनं काढलं नाही. मीही नाही.

आता आम्ही दोघी एकाच बसनं जातो. अलीकडे तिकडे स्थानिकांनाच आधी घ्यायचं, अशी चर्चा आहे. आम्ही स्थानिक की बाहेरच्या, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. बस सकाळी सातला येते.