केशवरावांच्या अक्षता

त्रिवेणीला एकाही लग्नात धड जेवायला मिळालं नाही. सुलतान बाजारात तिचं इंटरनेट केंद्र होतं, आणि परदेशातल्या गोतावळ्याला इंटरनेटवरून लग्न दाखवायचं नवं खूळ दोन हजार एक साली तिच्याच गळ्यात पडलं होतं.

आज गौलीगुड्यात रेणूचं लग्न होतं. तिचे वडील केशवराव लकव्यानं त्याच शहरात हिमायतनगरच्या घरी अंथरुणाला खिळलेले. थोरलीच्या लग्नात त्यांच्या संगणकावर आवाज पुढे धावला, चित्र मागे रखडलं. शेवटचं ‘सावधान’ ऐकून त्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या. पडद्यावर अंतरपाट दूर झाला तेव्हा मूठ रिकामी होती. "पोरीवर माझ्या अक्षता पडल्याच नाहीत," असं ते अजून म्हणत. ते चित्र पाठवणारी त्रिवेणीच होती, आणि तिला ते फार लागलं होतं.

या वेळी तिनं चित्राच्या नि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारला होता. दोन्ही जुळल्याशिवाय कुठंच काही दिसायचं नाही, आणि सगळ्यांत मागे पडलेल्या घरासाठी बाकीच्या घरांनी थांबायचं. म्हणजे सगळ्यांच्या अक्षता एकदम पडतील.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि हिमायतनगरची लाइन ढेपाळली. त्यामुळे न्यू जर्सीच्या नातेवाइकांचं चित्रही थबकलं. रेणूचे मामा प्रतापराव मोबाइल कानाला लावून बोहल्याशेजारच्या तिच्या टेबलाशी आले.

"तिकडं सगळे परेशान व्हायलेत. हिमायतनगर तोडून टाक."

"मग काका राहून जातात, मामा."

"तर भटजींना थांबव."

"मुहूर्त कसा थांबवू?"

लाइन पुन्हा हलली, पण मांडवाच्या मागेच राहिली. मांडवात अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली, हार पडले. प्रतापराव तणतणत पंगतीकडे गेले. त्रिवेणीनं आपल्या अक्षता मुठीतच धरल्या होत्या.

रेणू खाली उतरताना तिला ती मूठ दिसली. "टाकल्या नाहीस?"

"काकांच्या अजून पडायच्या आहेत."

नवऱ्याचा हात धरून रेणू पुन्हा बोहल्यावर चढली आणि मान खाली घालून उभी राहिली. सासू कुजबुजली, भटजींनी घड्याळ दाखवलं. ती हलली नाही.

त्रिवेणीच्या पडद्यावर सगळ्या घरांच्या वेळांचे आकडे एकदाचे जुळले. ‘सावधान’ ऐकू आलं आणि त्याच क्षणी पडद्यावरचा अंतरपाट सरला.

"आता," त्रिवेणी म्हणाली आणि तिनं मूठ उघडली.

रेणूनं मान लगेच वर केली नाही. वडिलांचा हात हळू चालतो, हे तिला ठाऊक होतं.