चौकटवाले काका

चौकटवाले काका छापलेल्या पानावर डोळे मिटून तारेची चौकट टाकत आणि तिच्यात एकच शब्द किती वेळा आला ते मोजत. कृषी सहायक असताना धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, अशीच चौकट टाकून रोपं मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर ते भंडाऱ्यात आमच्या वेबसाइटच्या ऑफिसात आले. मजकूर मी लिहायची. गिऱ्हाईक नेटवर जो शब्द शोधेल, तो त्यात हवा तेवढा आलाय का, हे ते तपासायचे.

संगणक हे क्षणात मोजतो, असं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "आकडा देते. पण दाटी कुठं हाये ते सांगते काय?" म्हणत ते पुन्हा डोळे मिटत. चौकट माझ्या चहात पडली तरी फेक बाद धरत नसत.

शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेत 'आग्रहाचे' तीनदा आलं, तर यांनी मुलीच्या बापाला बोलावून दोन खोडायला लावले. "एवढा आग्रह काहून? लोकं तसेही जेवाले येतेतच."

पुढे मालकांनी सांगून टाकलं, की दोघांचं काम नाही, एकच माणूस ठेवणार. कोसा साडीच्या दुकानाचं पान झालं की ठरवू. माझ्या मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. मी जीव लावून पान लिहिलं. संगणकाने प्रमाण अगदी बरोबर दाखवलं. काकांनी चौकट टाकली. पहिल्याच परिच्छेदात 'कोसा साडी' सात वेळा.

"बाई, वरच्या बांधीत रोप गच्च, खालच्या बांधीत नुसतं पाणी."

मी ऐकेना. तेव्हा त्यांनी दुकानदाराच्या बायकोला फोन लावून तो परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, "साडी विकून राहिले का मंत्र म्हणून राहिले?"

मी मुकाट्याने पुन्हा लिहिलं. दुकानदार खूश झाला. आधीच्या मजकुरातली चूक कोणी पकडली, असं मालकांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "बाईनं. मले तर दिसलीच नाही."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "काका, खोटं कशाला बोललात?"

"मले पेन्शन हाये. तुह्या पोरीले कॉलेज हाये," म्हणाले आणि नाकाडोंगरीला आपल्या शेतावर निघून गेले. मी आभारही मानले नाहीत. पुढच्या गिऱ्हाइकाचं पान संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

आता मुलगीही हेच काम करते. प्रमाण बरोबर आलं की हौसेनं फोन करते. मी म्हणते, मोठ्यानं वाच. तिसऱ्या ओळीला ती स्वतःच वैतागते आणि फोन ठेवून खोडायला बसते.