विसण

उमरग्याच्या सिद्धम्मानं उभा जन्म चुलीवर पाणी तापवलं. घरातल्या प्रत्येकाच्या बादलीत गार पाण्याचं विसण तीच घालायची. स्वतः मात्र सगळ्यांच्या शेवटी, उरल्यासुरल्या पाण्यानं अंग धुवायची.

ऐन श्रावणात लेकानं, विरेशनं, तिला कोकणातल्या एका दरीत गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. सगळे उतरले. ही छत्री धरून काठावरच बसली.

“अव्वा, ये की!”

“तुमचं होऊ द्या. उरलं तर बघते.”

“अगं, हे पाणी सरत न्हाय.”

तिनं हात घातला. चटका बसला.

“आन् विसण कुणी घालायचं? मीच व्हय?” ती फणकारली.

विरेशनं कोसळत्या आभाळाकडं बोट दाखवलं. सिद्धम्मानं छत्री मिटली आणि लुगड्यासकट उतरली.

तिथूनही ती सगळ्यांच्या शेवटीच निघाली.